नकाराचा मसुदा

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात कोणालाही काहीही लिहून हवं असलं की तो सरळ मराठी विभागात येतो. निमंत्रणपत्रिका, शोकप्रस्ताव, आमदारांना द्यायचं निवेदन, निवृत्त होणाऱ्याचं मानपत्र. एकदा ग्रंथपालांच्या मुलीचा स्थळांसाठीचा बायोडाटासुद्धा मीच लिहिला. त्यात 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द नको म्हणून वाद घातला, तर तो त्यांनी नंतर स्वतःच्या हातानं घातला. सत्तावीस वर्षं हे चाललंय. मराठीच्या मॅडमना भाषा येते, म्हणजे त्यांना वेळही भरपूर असणार, असा सगळ्यांचा पक्का समज आहे.

त्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये मोठे बाबू, म्हणजे आमच्या ऑफिसचे मुख्य लिपिक, कोरा कागद घेऊन दारात उभे राहिले तेव्हा मला काहीच वेगळं वाटलं नाही.

"मॅडम, एक नमुना करून देता काय? सिनियर माणसाले प्राचार्याचा प्रभार घ्यायचा नसन, तं त्यानं लेखी कसं द्यावं?"

माझा पुढचा तास दहा मिनिटांवर होता. मी उभ्याउभ्याच लिहून दिलं. 'सविनय सादर करण्यात येते की, माझ्या कौटुंबिक जबाबदाऱ्या व प्रकृतीची कारणे लक्षात घेता प्राचार्यपदाचा प्रभार स्वीकारण्यास मी असमर्थ आहे. सदर पत्र मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने देत आहे.' बाबूंनी ते मोठ्यानं वाचलं आणि दुसऱ्या वाक्यावर खूश झाले. "हे झकास झालं मॅडम. हे आपल्याले सुचलंच नसतं."

मी खडू उचलले आणि वर्गात गेले. हे पत्र कोणासाठी, एवढंही मी विचारलं नाही.

पाच दिवसांनी शिपाई एक लिफाफा आणि सोबत पेन घेऊन आला. पेन मुद्दाम दिलं होतं, म्हणजे मी शोधत बसू नये. आत माझाच मसुदा, टाइप केलेला. वर विषय, खाली माझं नाव, पदनाम, आणि नावावर सहीसाठी सोडलेली जागा.

"सायबानं म्हणलं, इथं सई मारून द्या. लगेच पाह्यजे."

मी म्हटलं, "सायबाले सांग, मॅडमची तब्येत ठणठणीत आहे." शिपाई हसला, पण गेला नाही. त्याला पेन परत हवं होतं.

हा प्रभार काय प्रकार आहे तो सांगायला हवा. प्राचार्य निवृत्त झाले की नवे नेमायला जाहिरात, मुलाखती, मंजुरी लागते आणि त्यात वर्षं जातात. तोवर कॉलेजातल्या सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकाकडे प्रभार द्यायचा असा रिवाज आहे. त्याला विद्यापीठाची मान्यता लागते आणि प्रस्तावासोबत ज्येष्ठता यादी जोडावी लागते. यादीतला पहिला माणूस संस्थेला नको असेल तर त्याचा लेखी नकार घ्यायचा. एवढंच. कोणी कोणाला डावलत नाही, कोणी कोणाला नाही म्हणत नाही. माणूस स्वतःच स्वखुशीनं बाजूला होतो. आमचे प्राचार्य जुलैअखेर निवृत्त होणार होते आणि यादीत पहिलं नाव माझं होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, तुला हे मसुदा लिहितानाच कसं कळलं नाही? यावर मी पुष्कळ डोकं आपटून घेतलं आहे. ज्येष्ठता यादी दर जानेवारीत येते, मी वाचून सही करते. मला माझा क्रमांक तोंडपाठ होता. पण प्राचार्य म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर सफारीतला एक पुरुषच येत होता. केबिनमधल्या लाकडी पाटीवर आजवरच्या प्राचार्यांची नावं रंगवलेली आहेत. सात माणसं, आडनावं तीन, तीही एकमेकांच्या सोयरिकीतली, आणि संस्थाही त्यांचीच. त्यात बाई नाही, आणि आमच्या बौद्ध वस्तीतलं, मोमीनपुऱ्यातलं किंवा कुठल्या लहान समाजातलं कोणी नाही. त्या पाटीखाली बसून मी सात नाही तरी चार मानपत्रं वाचून दाखवली आहेत. मला स्वतःचा भयंकर राग आला. संस्थेवर चिडायला निदान सवय तरी होती.

मी तशीच ऑफिसात गेले. मोठे बाबू खरोखर गोंधळले. "पण मॅडम, तुमीच तं लिवलं!" त्यांच्या दृष्टीनं मी स्वतःच लिहून दिलेल्या कागदावर सही करत नव्हते, म्हणजे वेडेपणा माझाच. त्यांनी समजूत घालायला जुनी फाइल काढली. "हे पाहा, काही नवीन नाई. सगळे देतात."

सगळे म्हणजे दोघं. पहिलं पत्र रसायनशास्त्राच्या सरांचं. आमच्या कॉलेजात आजवर ज्येष्ठतेत पहिले आलेले ते एकमेव मुसलमान. दुसरं, अकरा वर्षांपूर्वीचं, गृहअर्थशास्त्राच्या मॅडमचं. त्या शिंपी समाजाच्या, अविवाहित, कडक. मुली त्यांना घाबरायच्या आणि निकाल त्यांचाच सगळ्यात चांगला लागायचा. त्यांचं पत्र मी वाचायला घेतलं आणि खाली पोहोचले: 'कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने.'

ते वाक्य माझं होतं. ते मला जूनमध्ये सुचलेलं नव्हतंच. अकरा वर्षांपूर्वी मॅडम एका दुपारी स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "एवढं लिहून दे वं." मी लिहून दिलं होतं. चहाही मागवला होता. माझ्या आठवणीत ते एका वडीलधाऱ्या बाईसाठी केलेलं छोटंसं काम होतं, आणि मी ते विसरूनही गेले होते.

लिफाफा मी पर्समध्ये टाकला आणि सही केली नाही. दोन दिवस बरे गेले. रविवारी संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष सपत्नीक आमच्या घरी आले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाणी दिलं, चहा टाकला, आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहिले, कारण ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते माझ्या नवऱ्याशी बोलत होते. पाऊसपाणी, वीज कंपनी (नवरा तिथूनच निवृत्त झाला), मुलीचं पुण्यातलं काम. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात हा माणूस पटाईत आहे. चहा झाल्यावर त्यांनी भांडं बाहेर काढलं.

"साहेब, आता तुमीच समजावा ताईले. आमी का दुश्मन हाव? प्राचार्याले रातबेरात फोन येतात, पोट्ट्यायचे मोर्चे येतात, पोलीस येतात. बाईमाणसानं कुठं कुठं पुरावं?"

मी बाहेर येऊन म्हटलं, "अध्यक्षसाहेब, मी इथंच आहे. मला विचारा."

"ताई, तुमी तं घरच्याच. आमी जात मानत नाई, तुमाले माईत आहे. चौदा एप्रिलले भाषणाले कोणाले उभं करतो? तुमालेच ना?"

हे खरं होतं. एप्रिलातली जयंती माझी, डिसेंबरातलं अभिवादन माझं, मार्चमधला महिला दिन माझा. वर्षातले तीन दिवस कॉलेज माझं असतं, हार घालायला आणि बोलायला. उरलेल्या दिवसांबद्दल विचारलं की मी घरचीच. मी म्हटलं, "भाषणं नको आता. प्रभार द्या." त्यांच्या पत्नी माझ्याकडे पाहून हसल्या, ते कौतुकानं की कीव येऊन, ते मला कळलं नाही. जाताना अध्यक्ष सहज म्हणाले, "पेन्शनचे कागद संस्थेच्याच सहीनं जातात ताई. निवांत रिटायर व्हा."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "तू कायले डोक्याले ताप लावून घेऊन राह्यली? चौदा महिने तं राह्यले तुह्ये."

त्याच्याशी मी तीन दिवस धड बोलले नाही. तो वाईट माणूस नाही. मी पीएच.डी. करत असताना यानं दोन वर्षं पोळ्या लाटल्या आहेत आणि त्या गोल व्हायच्या. पण चौदा महिने राहिलेत म्हणून सोडून दे, हे तो कोणत्याही पुरुषाला म्हणाला नसता. पुरुषाला म्हणाला असता, चौदा महिने तर चौदा महिने, बसून घे. मी हे त्याला तिसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "हे खरं आहे."

मला ती खुर्ची हवी होती. हे मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, तेही चिडून. माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन होते, रुळांवर हातोडा घेऊन चालायचे. त्यांनी मला कधी प्राचार्य हो म्हटलं नाही, मास्तरीण हो म्हटलं. मी झाले. त्यापुढचं कोणी बोललंच नाही, मीही नाही. आणि कारणं म्हणाल तर ढीगभर होती. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली आमच्या कॉलेजात प्राचार्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असते. का, ते कोणाला माहीत नाही. सत्तावीस वर्षं आम्ही प्राध्यापक बाया, पदव्यांची भेंडोळी घेऊन, त्या केबिनमध्ये जाऊन, समोर बसलेल्या चार पुरुषांच्या देखत ती किल्ली उतरवून घेतो. तक्रार केली तर उत्तर येतं, "हरवते ना मॅडम." ही एवढी एक किल्ली तिथून काढायलासुद्धा प्राचार्य व्हावं लागतं, तर ठीक आहे, मी होते.

त्याच आठवड्यात अमरावतीला एका कॉलेजात प्राचार्यांची बैठक होती. आमचे प्राचार्य जाता जाता हारतुऱ्यांत अडकलेले, म्हणून प्रतिनिधी म्हणून मला पाठवलं. कामापुरता मामा. सभागृहात पाहिलं तर सगळे सरच सर. बाया दोन, त्यातली एक मी आणि दुसरी गुलाबाची फुलं वाटत होती. नोंदणीच्या टेबलावरच्या तरुण प्राध्यापकानं अदबीनं विचारलं, "मॅडम, तुमचे सर पार्किंगमध्ये आहेत का?" मी म्हटलं, "माझे सर घरी आहेत, पोळ्या करताहेत." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. जेवणाआधी आभार मानायचे तर 'मॅडम मराठीच्या आहेत' म्हणून आभार मीच मानले.

बैठक संपल्यावर मी अकोल्याची गाडी धरली नाही. दर्यापूरमार्गे अंजनगाव सुर्जीची एसटी धरली. गृहअर्थशास्त्राच्या मॅडम निवृत्तीनंतर तिथंच भावाच्या शेजारी एका खोलीत राहतात, हे मला माहीत होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नव्हते.

मॅडम सत्तरीच्या झाल्या होत्या, पण आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मला पाहून त्यांना आनंद झाला. भावाच्या सुनेला बटाटा भरलेला आलूपोंगा तळायला लावला, मला दोनदा वाढला. मी लिफाफा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"तेच आहे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तेव्हा तुमची तब्येत खरंच बरी नव्हती का?"

"मले काय धाड भरली होती? सकाळी पाच वाजता उठून मी चार किलोमीटर चालत होती."

"मग मला सांगितलं का नाही? मी लिहून दिलं नसतं."

मॅडमनी चष्मा काढला. "मले वाटलं तुले माईत आहे. सगळ्यायलेच माईत होतं. मी तुह्याजवळ बसून रडत होती वं. अन् तू मले विचारलं, 'असमर्थ' बरं वाटते का 'इच्छुक नाही' लिहू."

मला ते रडणं आठवत नाही. मी आजही आठवायचा प्रयत्न करते. चहाचा कप आठवतो, पंख्याचा आवाज आठवतो, मॅडमचे डोळे आठवत नाहीत. शब्द बरोबर बसला का, एवढंच मी पाहिलं असणार. त्यांच्या भावाच्या सुनेनं तेवढ्यात आणखी पोंगे आणून वाढले, आणि मी ते सगळे खाल्ले.

निघताना मॅडम म्हणाल्या, "तुले सांगत नाई सई कर का नको करू. मी केली. मंग अकरा वर्षं मी लोकायले सांगत बसली का मले बीपी आहे. आता खरंच झाला."

सोमवारी मी अध्यक्षांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एक त्यांचा, सही नसलेला. दुसरा माझा, एका ओळीचा: 'ज्येष्ठतेनुसार प्राचार्यपदाचा प्रभार स्वीकारण्यास मी समर्थ व तयार आहे.' त्याची प्रत विद्यापीठाला रजिस्टर्ड पोस्टानं आधीच गेली होती आणि पोचपावती माझ्या पर्समध्ये होती. एवढी अक्कल मी रेल्वेवाल्या बापाकडून घेतली आहे: कागद दिला की पावती घ्यायची. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "ताई, हे तुमाले कोणी लिवून दिलं?"

मी इतकी वैतागले की हसलेच. "अध्यक्षसाहेब, या कॉलेजात लिहून कोण देतं?"

यादीतले दुसरे, भौतिकशास्त्राचे सर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते दुपारी विभागात आले. माझ्याहून आठ वर्षांनी कनिष्ठ, अध्यक्षांच्या नात्यातले. त्यांच्या प्रबंधाची प्रुफं मीच तपासली आहेत. ओशाळले होते. "मॅडम, मले वाटलं तुमालेच नको आहे." मी विचारलं, "तुम्हाला असं का वाटलं?" त्यांनी खरंच विचार केला, बराच वेळ, आणि त्यांना कारण सापडेना. मला त्यांचा रागही धड येईना, कारण मलाही ते सापडलं नव्हतं.

जुलै सगळा टोलवाटोलवीत गेला. प्रस्ताव विद्यापीठात गेला, त्रुटी काढून परत आला, पुन्हा गेला. संस्थेनं माझी सेवापुस्तिका मागवून घेतली आणि तीन आठवडे दिली नाही. कोणीतरी माझ्याविरुद्ध निनावी अर्ज केला, त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका होत्या की मला लाल पेन घ्यायचा मोह झाला. पण माझा नकार नव्हता, आणि नकाराशिवाय त्यांचं घोडं पुढं जात नव्हतं. शेवटी 'पुढील आदेशापर्यंत' असं दोनदा लिहून प्रभाराचा आदेश निघाला. एक ऑगस्टला मी त्या केबिनमध्ये बसले. किल्ली काढून बायकांच्या स्टाफरूममध्ये लावली, याला अडीच मिनिटं लागली. मग मोठे बाबू पन्नास सह्यांचे कागद घेऊन आले आणि बाराव्या सहीला म्हणाले, "थकल्या असान मॅडम." प्राचार्यांना ते असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी मी अंजनगावला फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ती फाइल आता तुह्याजवळ आहे."

"हो."

"मंग माह्यं पत्र काढून टाक त्यातून."

मी त्यांना सांगितलं, तसं करता येत नाही. आवक क्रमांक पडलेला आहे, ते दप्तर आहे, पान गेलं तर चौकशी माझीच होईल आणि तेच लोक करतील. हे सांगताना मला माझ्या आवाजाचा वीट आला. तो अगदी प्राचार्यांसारखा येत होता.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मंग निदान त्याच्याखाली लिव, का मी बरी होती."

हेही नियमात बसत नव्हतं. मी फोन तसाच चालू ठेवला, फाइल उघडली आणि त्यांच्या सहीखालच्या कोऱ्या जागेत लिहायला घेतलं. लिहिताना एकेक शब्द त्यांना वाचून दाखवला: 'सदर पत्र लिहिले त्या दिवशी मॅडमची प्रकृती उत्तम होती. हे पत्र त्यांच्याकडून घेण्यात आले. मसुदा माझा होता.' मग खाली तारीख टाकली आणि सही केली.